दुहेरी चाखणी

४ मार्च

आमचा कंटेनर परत आला. बंदरावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहून राहून आतली वाइन अक्षरशः उकडली. नवऱ्याने एक बाटली उघडली, ग्लासात ओतली, उजेडाकडे धरली आणि तोंडाला न लावताच सिंकमध्ये रिकामी केली. "सॅलडवर टाकायला बरी आहे," एवढंच म्हणाला. फार चिडला की तो असे विनोद करतो. मला माहीत आहे, म्हणून मी हसले नाही.

नियम इथे लिहून ठेवते. असा नियम खरंच होता यावर पुढेमागे माझाच विश्वास बसणार नाही. आपल्याकडून सीमेपलीकडे जाणारी वाइनची प्रत्येक खेप दोनदा चाखायची. पहिल्यांदा इकडे, त्यांनी मान्यता दिलेल्या माणसाने. तो माणूस म्हणजे आमचे नाना, माझे सासरे. त्यांनी चाखून सही केली की माल निघतो. मग पलीकडे त्यांचं मंडळ तोच माल पुन्हा चाखतं, आणि ते मंडळ तीन महिन्यांतून एकदा बसतं. तोवर माल शेडमध्ये आणि आमचा जीव टांगणीला. जकात देऊ, भाडं देऊ, पण वाइन कुणाची वाट बघत थांबत नाही.

रात्री नवरा म्हणाला, "यंदा हे सुटलं नाही तर पिंपं विकतो. द्राक्षं सरळ रसाच्या कारखान्याला घालू. निदान झोप तरी लागेल."

तळघरातलं एकेक पिंप नानांनी स्वतः निवडून आणलेलं. ते सूपच्या वाटीत मीठ घालत राहिले.

१२ मार्च

आज उत्पादक संघाची सभा. संघ म्हणजे आम्ही सात-आठ छोटे मळेवाले आणि आमचे अध्यक्ष. अध्यक्षांना सगळे पाठीमागे बूच म्हणतात. बुटके आहेत म्हणून नव्हे, ते उठून बोलायला लागले की सभेतून दुसरं काही बाहेर पडत नाही म्हणून. तर बूच म्हणाले, "पलीकडच्यांशी बोलायला कुणीतरी शिकलेलं हवं, वहिनी, तुम्हीच बघा." शिकलेलं म्हणजे काय तर पत्रं लिहायचा कंटाळा नसलेलं. बाकी सगळे छताकडे बघत होते. मी हो म्हणून बसले.

माझा प्रस्ताव साधा आहे. चाखणी दोन्हीकडून बंद करा. सरकारी प्रयोगशाळा तपासेल, अहवाल देईल, तो त्यांनी मानावा. त्यांच्या प्रयोगशाळेचा आम्ही मानू. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: नाना काय म्हणतील?

हा प्रश्न मलाही आहेच. गेल्या वर्षी हाच विषय काढला तर नाना ताटावरून उठले होते. "जिभेचं काम आता काचेची नळी करणार? मग जेवणही तीच जेवू दे," असं म्हणाले होते. त्यांच्या नाकाचा दरारा असा, की शेजारचे मळेवाले पिंपाला झाकण लावायच्या आधी त्यांना बोलावतात. घरचंच माणूस विरोधात उभं राहिलं तर पलीकडचे काय, अलीकडचेही ऐकणार नाहीत.

१३ मार्च

जिंकले! जेवताना विषय काढला. मुद्दे पाठ केले होते. पहिला मुद्दा वेळ, दुसरा उष्णता, तिसरा… तिसऱ्यावर मी पोचलेच नाही. नाना म्हणाले, "बरोबर आहे तुझं. नळीच बरी."

मी बघतच राहिले. सासूबाईंनी वाढता वाढता हात थांबवला. नवऱ्याने विचारलं, "नाना, बरं वाटतंय ना?" तर ते म्हणाले, "माणसाने वयापरत्वे शहाणं होऊ नये का?" आणि पुन्हा मीठ मागितलं. हल्ली फार मीठ खातात. जानेवारीत तो ताप आला तेव्हा डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं होतं, पण ऐकतील तर ते नाना कसले.

मुद्देसूद बोललं की पाषाणालाही पाझर फुटतो. मला वकील व्हायला हवं होतं, असं नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, "आम्ही वाचलो."

२१ मार्च

पुढच्या खेपेची चाखणी. जुना नियम अजून चालूच, त्यामुळे नानांची सही लागतेच. तळघरात पांढरा कागद अंथरून टेबल लावलं, ग्लास मांडले. पूर्वी या वेळी नाना एकटेच असत, कुणाला खोकूही देत नसत. आता सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसतात. बसतात ते बसतात, आधी आपणच ग्लास उचलतात आणि बोलतातही: "ह्याला थोडा धुरकट वास आहे, नाही का हो?" नाना ग्लास फिरवतात, बराच वेळ नाक आत ठेवतात आणि म्हणतात, "आहे. धुरकट आहे."

एवढ्या वर्षांत बाईंनी वाइनकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. "आंबट पाणी" म्हणायच्या. म्हातारपणी हा सोस कुठून लागला देव जाणे! मी नवऱ्याला म्हटलं, नानांच्या कामात लुडबुड होते, तू जरा सांग. तो म्हणाला, "आईला? मी? तूच सांग की." विषय तिथेच मिटला.

याही खेपेचा नमुना मी प्रयोगशाळेत पाठवला. आपला प्रस्ताव मांडायचा तर प्रत्येक खेपेचे आकडे हाताशी हवेत. जानेवारीपासूनच्या सगळ्या खेपांचे अहवाल आले आहेत, सगळे स्वच्छ. नानांची सही आणि नळीचे आकडे अगदी हातात हात घालून चाललेत. याहून चांगला पुरावा कुठला?

२ एप्रिल

आज घरात रणकंदन. मी संघाच्या ऑफिसमधून आले तर स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं जळून कोळसा, भिंतीपर्यंत धूर, आणि नाना तिथेच टेबलाशी शांतपणे पेपर वाचत बसलेले. चष्मा पेपरात खुपसला की ह्यांना जगाची शुद्ध नसते. मी म्हटलं, "अहो नाना, वाससुद्धा आला नाही का?" मी हसतच म्हटलं होतं. मागून सासूबाई आल्या त्या माझ्यावरच उसळल्या. "दूध तू ठेवलंस, तू बघायचं! त्यांना काय विचारतेस?" दूध मी ठेवलंच नव्हतं. मी घरातच नव्हते.

मीही चार शब्द बोलले. नंतर वाईट वाटलं. त्या पातेलं घासत उभ्या होत्या आणि डोळे पुसत होत्या. धुराने असेल. मी पातेलं हातातून घेतलं तेव्हा काही न बोलता दिलं. त्यानंतर संध्याकाळभर त्यांनी नानांना क्षणभरही एकटं सोडलं नाही. दोघांचं वय वाढतंय तसं प्रेमही वाढतंय, असं दिसतं. छान वाटतं बघायला. आमचं असं होईल का, असं नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "आधी कंटेनर पोचू दे."

९ एप्रिल

प्रस्तावाच्या पत्राला पलीकडून उत्तर आलं. त्यांच्या चाखणी मंडळाच्या प्रमुख बाई स्वतः येणार आहेत, सोबत दुभाष्या. आमची प्रयोगशाळा पाहणार, मळे पाहणार आणि मग शिफारस करणार. बूच घाबरलेत. "वहिनी, चाखणी बंद झाली तर त्या बाईंचीच खुर्ची जाणार. कुणी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतं का?" मुद्दा बरोबर आहे. आज मला झोप लागायची नाही.

१० एप्रिल

सुचलं! अंघोळ करताना सुचलं. बाईंच्या समोरच परीक्षा घ्यायची. सहा ग्लास, कोणता कुणाचा ते कुणालाच माहीत नाही, त्यातला एक मुद्दाम बिघडलेल्या पिंपातला. एकीकडे नाना आणि त्या बाई वेगवेगळ्या बसून चाखणार, दुसरीकडे प्रयोगशाळेचा अहवाल, मळ्यांच्या नावांसकट, बंद पाकिटात. नानांचा निकाल आणि पाकिटातला निकाल एकच निघणार. नानांच्या नाकाची कीर्ती त्या बाईंनाही माहीत आहे. इतक्या मोठ्या चाखणाऱ्याशी नळीचं तंतोतंत जुळतं म्हटल्यावर त्यांना बोलायला जागाच उरत नाही. आपला हुकमाचा एक्का घरातच बसलाय आणि मी बाहेर शोधत होते!

जेवताना सांगितलं. सगळे गप्प. इतके गप्प की मला वाटलं, भारावले. नाना बऱ्याच वेळाने म्हणाले, "दुसरा कुणी नाही का चालणार?" मी म्हटलं, "नाना, विनय पुरे झाला." सासूबाई म्हणाल्या, "मी बसेन ना शेजारी?" मी म्हटलं, "आई, ही परीक्षा आहे, शेजारी कुणीच बसणार नाही. आणि त्या दिवशी पाहुण्यांचं जेवण तुमच्याशिवाय कोण बघणार?" अशा रीतीने लुडबुडीचाही बंदोबस्त झाला. एका दगडात दोन पक्षी.

पत्र आजच धाडलं. बूच म्हणाले, "वहिनी, मानलं तुम्हाला."

२५ एप्रिल

त्यांचा होकार आला. सहा मे ठरली.

नाना हल्ली फार चालतात. मळ्याच्या शेवटापर्यंत जातात, द्राक्षांची पानं चुरगाळून नाकाशी धरतात, पुन्हा दुसरं पान तोडतात. नवरा म्हणाला, "नाना, पानं तोडू नका, आताच फुटलीत." मी त्याला गप्प केलं. सराव करत असतील.

५ मे

तळघर लखलखतंय. पाहुण्या बाई संध्याकाळी आल्या. उंच, केस अगदी बारीक कापलेले, हसणं मोजून-मापून. प्रवासात त्यांना सर्दी झालीय, रुमाल हातात. दुभाष्या मात्र गप्पिष्ट. बाईंचं एक वाक्य झालं की हा तीन बोलतो. बूच त्याच्यावर खूश.

झोपण्यापूर्वी नानांच्या खोलीवरून गेले. दार अर्धवट उघडं होतं. दोघं पलंगावर शेजारी बसले होते, सासूबाईंचा हात नानांच्या गुडघ्यावर. नाना म्हणत होते, "तिने इतकं केलंय. कसं सांगू?" मला वाटलं, माझ्या कौतुकाचं चाललंय. आता दार वाजवून ऐकायला गेले तर बरं दिसणार नाही, म्हणून पाय न वाजवता निघून आले.

६ मे

आजचं आजच लिहायला हवं.

दोन टेबलं, मध्ये पडदा. अलीकडे नाना, पलीकडे बाई. प्रत्येकापुढे सहा ग्लास, एक कोरा कागद, एक पेन, तोंडातला घोट टाकायला भांडं. मी, नवरा, बूच आणि दुभाष्या भिंतीशी उभे. सासूबाई वर स्वयंपाकघरात.

नानांनी पहिला ग्लास उचलला. फिरवला. नाक आत घातलं. एरवी ते एका ग्लासाला जेमतेम दोन श्वास देतात. आज डोळे मिटून किती वेळ बसले. खाली ठेवला. दुसरा उचलला. कागदावर काही लिहिलं नाही. मला वाटलं, मुद्दाम रंग भरतायत, पाहुण्यांसमोर थोडं नाटक हवंच. सहाही ग्लास झाले. पडद्यापलीकडे बाईंचं पेन कुरकुरत होतं. नानांचा कागद कोरा.

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मला वास येत नाही."

बूच म्हणाले, "म्हणजे सहावी बाटली शुद्ध आहे, असं का, नाना?"

"सहावी नाही, पाचवी नाही, कुठलीच नाही. जानेवारीतल्या तापापासून मला कशाचाच वास येत नाही. परत येईल, परत येईल म्हणून थांबलो. आला नाही."

दुभाष्यासुद्धा गप्प झाला. बाईंनी पडदा बाजूला केला आणि त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याने सांगितलं. या वेळी एकाच वाक्यात.

नानांनी माझ्याकडे बघून हात जोडले. माझ्याकडे! "तुझं काम मी बिघडवलं. पण ह्या कागदावर अंदाजाने आकडे टाकले असते, तर तू ते खरे धरून सगळीकडे दाखवत फिरली असतीस."

मीठ, दूध, पानं, ते शेजारी बसणं, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. हुकमाचा एक्का म्हणे!

बाईंनी विचारलं, "मग जानेवारीनंतरच्या खेपा कुणी चाखल्या?"

जिन्यावरून आवाज आला, "मी." सासूबाई. हातात झारा तसाच. त्या वर थांबल्याच नव्हत्या, सगळा वेळ जिन्यात उभ्या होत्या. "मी वास घ्यायची आणि सांगायची. ह्यांची जीभ शाबूत आहे, आंबट-गोड कळतं त्यांना. आम्ही दोघं मिळून करायचो. लपवलं ते मी. ते पहिल्यापासून सांगूया म्हणत होते."

बाईंनी रिकामी खुर्ची दाखवली. सासूबाई पदराला हात पुसत बसल्या. सहा ग्लास. एकेक उचलून त्यांनी वास घेतला आणि तिसरा ठामपणे बाजूला ठेवला. "हा खराब. ह्याला ओल्या फडक्याचा वास येतो." मग पाचवा उचलून म्हणाल्या, "हा मात्र सुंदर. कसला बरं… नखं रंगवायच्या रंगासारखा, पण छान."

पाकीट फोडलं. बिघडलेला ग्लास पाचवा होता. तो नखांच्या रंगाचा वास म्हणजेच बिघाड. आणि तिसरा, ओल्या फडक्याचा, तो बूचांच्या मळ्यातला यंदाचा सर्वांत उत्तम माल निघाला. बूचांचं तोंड बघण्यासारखं झालं. अशा वेळी हसू येणं पाप आहे, पण नवऱ्याचे खांदे हलायला लागले आणि मला त्याच्या पाठीमागे लपावं लागलं.

मग बाईंनी आपला कागद उलटा करून सगळ्यांना दाखवला. पाचवा त्यांनी बरोबर ओळखला होता. पण पहिलाही त्यांनी नापास केला होता. पाकिटात पहिला स्वच्छ. पहिला आमचा होता. त्यांनी रुमालाने नाक पुसलं आणि काहीतरी पुटपुटल्या. दुभाष्या म्हणाला, "बाई म्हणतात, आज सर्दीला विचारावं लागेल."

मी पळत जाऊन जानेवारीपासूनच्या खेपांचे अहवाल आणले. बाईंनी एकेक वाचला, खुर्ची ओढून दिव्याखाली बसून. सगळे स्वच्छ. खेपा निर्दोष होत्या, त्यात आमचं नशीब किती आणि सासूबाईंचं नाक किती हे मात्र कुणालाच सांगता येणार नाही. आज त्या पाचव्या ग्लासाला सुंदर म्हणाल्या. तसला ग्लास मार्चमध्ये आला असता तर?

वाचून झाल्यावर बाई नानांच्या समोर येऊन बसल्या. सावकाश बोलल्या. दुभाष्याने शब्दन् शब्द सांगितला, आणि मी तो जसाच्या तसा लिहिते आहे: "आमच्या मंडळात नऊ जण आहेत. सगळ्यांचं वय तुमच्याएवढं किंवा जास्त. इतक्या वर्षांत एकानेही मला येऊन असं सांगितलं नाही. याचा अर्थ सगळ्यांची नाकं उत्तम आहेत असा होत नाही. फक्त कुणी बोलत नाही."

नाना म्हणाले, "बोलायला फार जड जातं, बाई."

दुभाष्याने ते सांगितलं. बाईंनी मान हलवली. त्याने सांगण्याआधीच त्यांना कळलं होतं, असं मला वाटलं.

जेवणं झाली. नानांनी मीठ मागितलं नाही. मी न विचारताच पुढे ठेवलं.

७ मे

पाहुणे गेले. शिफारस काय करणार ते बाई बोलल्या नाहीत. नानांनी मान्यताप्राप्त चाखणाऱ्यांतून आपलं नाव काढायचं पत्र त्यांच्याच हाती दिलं. निर्णय येईपर्यंत इकडून एकही खेप जाणार नाही.

आज सकाळी मी सासूबाईंवर रागावले. मला का नाही सांगितलं? मी परकी आहे का? त्या म्हणाल्या, "अगं, तू इतक्या उत्साहात असायचीस. रोज नवीन मुद्दा. आणि त्यांना वाटायचं, सूनबाईच्या नजरेत तरी अजून मी तोच आहे, तेवढं राहू दे." आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो. मी रडले, त्याही रडल्या, मग त्या म्हणाल्या, "पुरे, शेंगा खारट होतील."

बूच येऊन गेले. म्हणाले, "नाना, तुमच्यावर मुळीच राग नाही. पण काकूंनी माझ्या वाइनला ओलं फडकं म्हटलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही." नाना कितीतरी महिन्यांनी मोकळे हसले. मी खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होते, आणि मला फार बरं वाटलं. काहीही निकाल लागो.

१७ जून

लागला! नियम बदलला. प्रयोगशाळेचा अहवाल दोन्हीकडे मान्य. चाखणी बंद, इकडेही आणि तिकडेही. अट एकच: दर दहा खेपांमागे एक नमुना त्यांच्या प्रयोगशाळेत. दहा काय, दर पाचांमागे घ्या म्हणावं!

बाईंचं दोन ओळींचं पत्र वेगळं आलं. मंडळ बरखास्त झालं आहे, आणि त्या आता त्यांच्या प्रयोगशाळेत नमुने निवडायचं काम बघणार आहेत. खाली नानांना नमस्कार. बूचांना वाटतं, माझ्या परीक्षेच्या कल्पनेने सगळं झालं. संघात तसं भाषणही केलं. मी उठून खरं काय ते सांगायला लागले, तर बूच होतेच मध्ये.

३ जुलै

कंटेनर पोचला. बंदरात कागद बघितले आणि सोडला. शेडमध्ये उभा राहिलाच नाही. नवऱ्याने फोन ठेवला, तळघरात गेला आणि पिंपांवर एकेक थाप मारून आला, जनावरांच्या पाठीवर मारतात तशी. रसाच्या कारखान्याचं नाव आता कुणी काढत नाही.

२० जुलै

आज नव्या मिश्रणाचा दिवस. कोणत्या पिंपातलं किती, हे ठरवायचं. आजवर हे काम नानांचं एकट्याचं. नवरा म्हणाला, प्रयोगशाळेचे आकडे आहेत, त्यावरून करू. पण आकडे फक्त माल खराब नाही एवढं सांगतात. चांगला कशाने होईल, ते सांगत नाहीत. शेवटी नानांनाच खाली आणलं, खुर्चीत बसवलं, आणि ते मला म्हणाले, "तू वास घे. मला सांग."

मी ग्लास घेतला. म्हटलं, "चांगला आहे."

"चांगला म्हणजे काय गं? वास सांग."

मी पुन्हा नाक घातलं. मला शब्दच सापडेनात. म्हटलं, "बंद कपाट उघडल्यावर येतो तसा. आत घड्या घातलेले कपडे असतात ना, स्वच्छ, पण बरेच दिवस न वापरलेले." नानांनी डोळे मिटले होते. "आणि कपड्यांच्या मागे?" मी म्हटलं, "लाकूड. थोडं ओलसर." ते म्हणाले, "मग ते पिंप अजून महिनाभर राहू दे. दुसरं घे."

नवऱ्याने त्याच पिंपाचा घोट घेतला, विचार केला आणि म्हणाला, "बरोबर आहे, नाना. कच्चं आहे."

असं सबंध सकाळभर चाललं. मी सांगायचं, त्यांनी विचारायचं, मी पुन्हा नाक घालून शोधायचं. मला माहीतच नव्हतं की एका ग्लासात इतकं काही असतं. चौथ्या पिंपापर्यंत मी थकले, नाना मात्र ताजेतवाने. मधेच नवरा वर फोन घ्यायला गेला. नाना जरा घुटमळले, मग म्हणाले, "एक विचारू का? वाइनचं नाही."

"विचारा ना."

"हिच्या केसांना कानामागे एक वास असायचा. साबणाचा, आणि त्याखाली लिंबाच्या सालीसारखं काहीतरी. तिला विचारता येत नाही, ती रडेल. तेवढं बघून येतेस का?"

मी वर गेले. सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी मागून जाऊन मिठी मारली आणि त्यांच्या कानामागे नाक खुपसलं. त्या दचकल्या. "काय गं? काय फोडलंस खाली?" मी म्हटलं, "काही नाही, आई. सहज." "सहज म्हणे! सोड, हात ओले आहेत माझे." मी आणखी एकदा नीट वास घेतला आणि खाली आले.

नाना वाटच बघत होते. मी त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसले. म्हटलं, "साबण बदललाय, नाना. पण लिंबू आहे. अगदी तसंच आहे."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

"तो साबण बाजारातूनच गेला असणार," ते म्हणाले. "चल, पाचवं पिंप घे."